माहुताची गोष्ट उसनी कशी? कथास्पर्धेच्या परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
कथास्पर्धेचे आयोजक आणि परीक्षक मंडळ,
कोल्हापूर

विषय : 'आधारित कथा बाद' या नियमाबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. भांडण संस्थेशी नाही, नियमाशी आहे, आणि तसाच नियम कितीतरी स्पर्धांच्या पत्रकांवर शब्दही न बदलता छापलेला असतो. 'कथा पूर्णतः स्वतंत्र असावी. अनुवादित, रूपांतरित वा कोणत्याही साहित्यकृतीवर आधारित कथा बाद समजण्यात येईल.' कुणीतरी कधीतरी हे वाक्य लिहिलं आणि तेव्हापासून ते पत्रकामागून पत्रकात उतरत आलं, असं मला वाटतं.

आमच्या रविवारच्या कट्ट्यावरची एक मुलगी, मूळची शिरोळ तालुक्यातली, इथं शिकायला असते. तिनं तुमच्याकडे कथा पाठवली होती. ती परत आली. पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय : 'कल्पना उसनी. स्वतंत्र लेखन करावे.' पुढच्या एकाही पानावर एक रेघ नाही, खूण नाही, साधी शुद्धलेखनाची चूकसुद्धा कुणी काढलेली नाही. आणि चुका आहेत हो त्यात, मी स्वतः पाहिल्यात. म्हणजे पहिल्या परिच्छेदात 'हराद', 'गोंडोर' ही एका इंग्रजी कादंबरीतली नावं दिसली आणि वाचणाऱ्यानं पेन मिटलं. (प्रवेश शुल्क मात्र स्वतंत्र असावं. ते परत आलं नाही.)

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण नंतर निकाल लागला आणि पहिलं बक्षीस मिळालेली कथा आम्ही वाचली. लक्ष्मण वनवासात असताना चौदा वर्षं अयोध्येत राहिलेली ऊर्मिला तिथं स्वतःच्या तोंडून बोलते. कथा चांगली आहे. शेवटच्या पानावर लक्ष्मण दारात येतो आणि ती आधी त्याच्या पायांकडे बघते, ते मला फार आवडलं. बक्षिसाबद्दल तक्रार नाही. प्रश्न इतकाच की ऊर्मिला 'आधारित' नाही का? राम, लक्ष्मण, वनवास, अयोध्या यातलं काय त्या लेखिकेनं नव्यानं निर्माण केलं? काहीच नाही. तिनं एक गप्प बसलेलं पात्र उचललं आणि त्याला बोलतं केलं. आमच्या मुलीनंही नेमकं तेच केलंय. तरी ऊर्मिलेला बक्षीस आणि माहुताला लाल शेरा.

तुमच्यापैकी ज्यांनी जे. आर. आर. टोल्कीन वाचलेला नाही, त्यांच्यासाठी हा माहूत कोण ते सांगतो. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या मधल्या खंडात सॅम आणि फ्रोडो हे दोन हॉबिट, म्हणजे ठेंगण्या जमातीतली माणसं, इथिलियनच्या झाडीत लपलेले असतात. उत्तरेकडे मॉर्डोर या दुष्ट सत्तेच्या मदतीला निघालेल्या दक्षिणेकडच्या हराद देशातल्या फौजेवर गोंडोर राज्याचा सरदार फारामिर याची माणसं दबा धरून हल्ला करतात. एक हरादी सैनिक सॅमच्या जवळच येऊन पडतो. लाल अंगरखा, पितळी पत्र्यांचं चिलखत, सोन्यात गुंफलेल्या वेण्या, मोडक्या तलवारीच्या मुठीवर आवळलेला सावळा हात. आणि सॅमच्या मनात येतं : याचं नाव काय असेल, हा कुठला, हा खरंच मनानं दुष्ट होता की कुणाच्या थापांना किंवा धाकाला बळी पडून इतक्या लांब आला, आणि घरीच राहायला त्याला आवडलं नसतं का? (चित्रपटाच्या लांबवलेल्या आवृत्तीत हे विचार फारामिरच्या तोंडी टाकलेत. सॅमकडून काढून घेतल्याचा राग आमच्या कट्ट्यावर अजून आहे.) पण हे सगळं क्षणभरच. लगेच गलका होतो, जमीन हादरते आणि झाडं मोडत एक प्रचंड हत्ती धावत येतो. त्याला फारामिरची माणसं मूमाक म्हणतात, हॉबिट म्हणतात ऑलिफंट. पाठीवरच्या लढाऊ मनोऱ्याच्या चिंध्या झालेल्या, आणि मानेवर चिकटून एक इवलीशी आकृती. टोल्कीन सांगतो की तो माणूस खरं तर त्याच्या लोकांतला राक्षसी अंगाचा योद्धा होता. हत्तीच्या आकारापुढं तो इवला दिसतो.

मूमाक पळत सुटतो आणि गोष्टीतून निघून जातो. तो रानात भटकत राहिला, घरापासून लांब कुठंतरी मेला, की तिथल्या मोठ्या नदीत पडून बुडाला, हे सॅमला कधीच कळलं नाही, असं टोल्कीननं स्वतःच लिहून ठेवलंय. मानेवरच्या माणसाचं काय झालं, हे तर विचारलेलंही नाही.

आमच्या कट्ट्यावर पहिला वाद पेटला तो इथंच. मूळ वाक्य असं आहे की तो माणूस मानेला जिवाच्या आकांतानं चिकटून आहे असंही वाटतं आणि तिथं नुसतं प्रेत आहे असंही वाटतं. निवृत्त इतिहासाचे एक सर येतात, त्यांच्या मते तो मेलेला. मोटार रिवायंडिंगचं दुकान असलेला आमचा एक दोस्त म्हणाला, "सर, मेलेला माणूस धावत्या हत्तीवर चार पावलं टिकंल काय? गळून पडंल की." सर म्हणाले, वाताहत झालेल्या दोरखंडात अडकला असेल. तो म्हणाला, मग दोरखंड दाखवा कुठं लिहिलाय. हे किती रविवार चाललं ते सांगत नाही. पण त्या मुलीची कथा या वादातून उगवली, हे तुम्हाला कळायला हवं. ती सगळं ऐकत असायची, शेंगा सोलत. आणि एका रविवारी चार पानं घेऊन आली.

तिच्या कथेत तो योद्धा आणि माहूत एकच आहे. नदीकाठच्या एका गावात जनावर सांभाळणारं घर; आजोबाही माहूत, बापही माहूत. सरदाराचा हुकूम येतो. जनावर हवं आहे, माणूस आला तर ठीक, नाही आला तर दुसरा बसवू. दुसऱ्याचं ते ऐकणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तो जातो. इथपर्यंत दोन पानं. पुढं हरादच्या वाटेवरचा प्रवास, आणि हल्ल्यानंतरचा एक दिवस.

आता 'उसनी कल्पना' म्हणणाऱ्यांनी जरा बघा की या उसन्या जगात लिहिताना पोरीचं काय होतं. पहिल्या खर्ड्यात तिनं हल्ल्याच्या आदल्या रात्री मिट्ट काळोख घातला होता. तळावर कुणालाच कुणी दिसत नाही, माहूत फक्त श्वासावरून जनावर ओळखतो, असा छान प्रसंग होता. सरांनी चष्मा वर केला. "अगं, हल्ला सात मार्चचा. आणि आठच्या पहाटे फ्रोडोला धबधब्याच्या मागून पश्चिमेला मावळणारा पूर्ण चंद्र दिसतो. मग सहाच्या रात्री काळोख कुठून आणलास? चतुर्दशी आहे ती!" टोल्कीननं चंद्राच्या कलांचा हिशेब जुळवण्यासाठी स्वतःचीच प्रकरणं पुन्हा पुन्हा दुरुस्त केली होती. त्याच्या अंगणात खेळायचं तर तो हिशेब पाळावा लागतो. तिनं प्रसंग फाडला. मग नव्यानं लिहिला : चांदणं इतकं लख्ख की मूमाकची सावली तळभर पडली आहे, तिच्या थंडाव्यात सैनिक झोपलेत, आणि माहूत एकटाच जागा आहे कारण त्या उजेडात त्याला जनावराच्या पायाची जखम दिसते. पहिल्यापेक्षा हा प्रसंग कितीतरी बरा. स्वतःचं जग असतं तर तिनं अमावास्या करून टाकली असती आणि विषय संपला असता.

मग मापाचा प्रश्न. आपल्याकडचा माहूत हत्तीच्या कानामागे पायाच्या बोटांनी दाबतो, त्यावर हत्ती वळतो, थांबतो. पण टोल्कीन म्हणतो की आजचे हत्ती म्हणजे मूमाकच्या आकाराची नुसती आठवण. एवढ्या जनावराला बोटं काय जाणवणार? कुणी म्हणालं लांब काठी, कुणी म्हणालं ढोल. रिवायंडिंगवाल्यानं दोन कानांना दोर बांधून लगामासारखी काहीतरी व्यवस्था कागदावर काढून दाखवली, ती बघून सगळे हसलो. मुलीनं शेवटी जे लिहिलं ते कुणालाच सुचलं नव्हतं. माहूत जनावराला चालवतच नाही. ते लहान असल्यापासून तो त्याच्या अंगाला नारळाच्या सोडणानं घासत आला आहे (हरादमध्ये नारळ होता की नाही हा वाद मी वाढू दिला नाही) आणि कानामागच्या एका ठरावीक जागी घासलं की ते थांबतं. वळवायचा उपाय त्याच्याकडे नाहीच. फक्त थांबवायचा आहे. लढाईत हे सोडण त्याच्या कमरेला असतं. ते तो वापरतो की नाही, यावर कथा उभी आहे.

हे तिला कुठून आलं, ते मी विचारलं नाही, पण शिरोळकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीला, लोकांच्या माधुरीला, लहानपणी केळी देणाऱ्या पोरांच्या पिढ्या तिथं आहेत. २०२५ च्या जुलैअखेर न्यायालयाच्या आदेशानं ती जामनगरला गेली, तेव्हा सगळा जिल्हा रस्त्यावर आला होता. जनावराच्या भल्याचं काय, यावर तेव्हाही दोन मतं होती, आजही आहेत, आणि त्या वादात मला इथं पडायचं नाही. मुलीच्या कथेत त्यावर एक अक्षर नाही. पण माणसाशिवाय जनावर आणि जनावराशिवाय माणूस कसा दिसतो, हे तिनं पाहिलेलं आहे. लाल शाईनं 'उसनं' म्हणताना त्या पानांत उसनं किती आणि तिच्या तालुक्यातलं किती, हे आधी मोजायला हवं होतं.

बरं, टोल्कीननं तरी काय केलं? गँडाल्फ या आपल्या जादूगाराचं नाव त्यानं 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचललं. 'हॉबिट' या त्याच्या पुस्तकातल्या थोरिनबरोबरच्या बुटक्यांची नावंही बहुतेक तिथलीच. विद्यार्थिदशेत त्यानं फिनलंडच्या 'कालेवाला' महाकाव्यातल्या कुलेर्वोची गोष्ट आपल्या शब्दांत लिहायला घेतली आणि त्यातून पुढं तूरिन या त्याच्या नायकाची शोकांतिका आली. तुमच्या नियमावलीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. टोल्कीनच्या कल्पनेत हा सगळा ग्रंथ म्हणजे बिल्बो, फ्रोडो आणि सॅम यांनी लिहिलेल्या लाल पुस्तकाची उतरलेली प्रत आहे. म्हणजे सांगणारे हॉबिट, आणि ते जिंकलेल्या बाजूचे. हरादच्या माणसानं लिहिलेलं पुस्तक त्या जगात कुणी जपलेलं नाही. त्यामुळं माहुताची बाजू लिहिणं म्हणजे टोल्कीनला खोडून काढणं नव्हे. त्यानं स्वतःच आखून ठेवलेल्या एका रिकाम्या पानावर लिहिणं आहे. किरिल येस्कोव या रशियन जीवाश्मशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मॉर्डोरच्या बाजूनं अख्खी कादंबरी लिहिली, ती याच वाटेनं गेली, जरा जास्तच भांडत गेली.

हे सगळं कोल्हापुरात सांगावं लागतं याचं मला जास्त नवल वाटतं. याच गावात राहून वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये 'ययाति' दिली. महाभारताच्या आदिपर्वातलं एक उपाख्यान, त्याची त्यांनी कादंबरी केली. कादंबरीतली अलका महाभारतात नाही. कच विद्या घेऊन गेला की महाभारतातून जवळपास संपतो. खांडेकरांनी त्याला परत आणून उभा केला. आपण त्यांना 'कल्पना उसनी' म्हणालो नाही. त्यांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा आपलाच सत्कार झाल्यासारखं गाव वागलं. आजऱ्याचे शिवाजी सावंत याच कोल्हापुरात शिक्षक होते. त्यांची 'मृत्युंजय' १९६७ ची. कर्णाची गोष्ट कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण आपापल्या तोंडून सांगतात. कोवाडच्या रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ ची, तीही कर्णाचीच. एकाच जिल्ह्यातून सहा वर्षांच्या आत एकाच पराभूत माणसाच्या बाजूनं दोन गाजलेल्या कादंबऱ्या! जगातल्या कुठल्याही फॅन फिक्शन (आवडत्या पुस्तकाच्या जगावर वाचकांनीच रचलेल्या गोष्टी) लिहिणाऱ्या टोळीनं हेवा करावा अशी ही गोष्ट आहे.

आणि त्यांच्याही आधी मोरोपंत. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेला हा कवी. एकशे आठ रामायणं लिहिली असं सांगतात. कशासाठी? गोष्ट तर तीच. पण दरवेळी नवा पैज लावल्यासारखा नियम. एका रामायणात प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर येऊ द्यायचं नाही, म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागता कामा नये. रामाची गोष्ट, आणि 'राम' म्हणायचं नाही! आमच्या कट्ट्यावरची पोरं एकमेकांना असलीच आव्हानं देतात : शंभर शब्दांत गोष्ट सांग, फक्त संवादात सांग, गँडाल्फचं नाव न घेता गँडाल्फ दाखव. त्यांना मोरोपंतांबद्दल सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "म्हणजे आपला माणूस!" मला ते खरंच वाटलं. शाळेत आर्या पाठ करताना कधी वाटलं नव्हतं.

मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये इथं तयार झाला. गोष्ट हरिश्चंद्राची, म्हणजे सगळ्यांना तोंडपाठ. तेव्हा प्रेक्षक गोष्टीत पुढं काय होतं ते बघायला गेले नव्हते.

शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं १९१२ मध्ये. तिथं डाव टाकणाऱ्या मल्लाला 'आखाडा तुझा नाही, म्हणून कुस्ती बाद' असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आता तुमचा खरा आक्षेप, जो मला ऐकू येतोय. कर्ण, ऊर्मिला, हरिश्चंद्र सगळ्यांचे आहेत. टोल्कीन एका माणसाचा आहे, त्याचे वारस आहेत, हक्क आहेत. बरोबर. हा आक्षेप टाळून पुढं जाणं लबाडीचं होईल.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. टोल्कीन वारला २ सप्टेंबर १९७३ रोजी. म्हणजे आपल्या देशात २०३३ अखेर. १ जानेवारी २०३४ ला सॅम आणि त्याचा मूमाक भारतात सगळ्यांचे होतील, ब्रिटनच्या आधी बरोबर दहा वर्षं, कारण तिथली मुदत ७० वर्षांची. टोल्कीनच्या मुलानं संपादित करून १९७७ मध्ये काढलेला त्याचा 'सिल्मरिलियन' हा ग्रंथ मात्र मृत्यूनंतर छापलेला, त्याचा हिशेब छापल्यापासून होतो; तो आणखी काही वर्षं कुलुपात. गंमत अशी की खांडेकरही २ सप्टेंबरलाच गेले, १९७६ च्या. त्यामुळं ययाती कुणाचाही असला, तरी अलका २०३६ अखेरपर्यंत खांडेकरांच्या वारसांची. उद्या कुणी तुमच्या स्पर्धेला अलकेची कथा पाठवली तर काय कराल? पौराणिक समजून बक्षीस देऊन मोकळे व्हाल, असा माझा अंदाज आहे.

टोल्कीनचं स्वतःचं म्हणणं दोन्हीकडचं होतं. १९५१ च्या सुमारास मिल्टन वॉल्डमन या प्रकाशकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात तो सांगतो की तरुणपणी त्याच्या मनात एक मोठा कथासंभार उभा करायचा होता. काही कथा स्वतः पूर्ण सांगायच्या, बऱ्याच नुसत्या रेखाटून ठेवायच्या, आणि चित्र, संगीत, नाट्य घेऊन येणाऱ्या इतर हातांना जागा सोडायची. लगेच पुढं स्वतःलाच वेड्यात काढलंय. आणि १९६६ मध्ये एका तरुणानं पुढचा भाग लिहिणार असल्याचं कळवलं तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला गाढव ठरवलं. माणसाला आपल्या घरात कुणी न विचारता भांडी हलवलेली आवडत नाहीत. मला तो राग समजतो. वारसांची आजची भूमिकाही त्याच्याशी जुळती आहे : खासगी आनंदासाठी काय हवं ते लिहा, धंदा करू नका. एका अमेरिकन लेखकानं तो केला. २०२२ मध्ये स्वतःचा पुढचा भाग छापून विकला, वर २०२३ मध्ये वारसांवर आणि टोल्कीनच्या जगावर मालिका काढणाऱ्या ॲमेझॉनवरच चोरीचा दावा लावला. न्यायालयानं दावा फेटाळला, त्याच्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती नष्ट करायला लावल्या आणि सुमारे १ लाख ३४ हजार डॉलर वकिली खर्च त्याच्या अंगावर टाकला. आमच्या कट्ट्यावर हे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमच्याकडची एकही कथा विकत मिळत नाही, मिळणारही नाही.

तेव्हा हक्काचं कारण देऊन तुम्ही ती कथा बाद केली असती, तर मी गप्प बसलो असतो. फार तर चर्चा केली असती. तुम्ही कारण दिलंत ते कल्पनेचं. 'छापता येणार नाही' आणि 'तुझी कल्पनाच नाही' यात फरक आहे, आणि विशीतल्या मुलीला तो फार लागतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा. तो मी अर्धा मान्य करतो. फॅन फिक्शन म्हणून जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळसं वाचवत नाही. लेखिका झोपेतून उठते ती थेट टोल्कीनच्या रिव्हेंडेलमध्ये, आणि दुसऱ्या परिच्छेदात त्याचा देखणा धनुर्धर लेगोलस तिच्या डोळ्यांची तारीफ करतो. आमच्याकडेही आली अशी एक कथा. त्यात लेगोलस पन्हाळ्यावर येऊन झुणका-भाकर खातो आणि 'नाद खुळा' म्हणतो. हसून हसून पुरेवाट झाली, आणि तिची जागा तीच. पण रद्दी स्वतंत्र कथांतही असतेच की. तुमच्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यात शहरातून गावी परतणारा मुलगा आणि अंगणात वाट पाहणारी आई किती येतात, ते तुम्हालाच माहीत. त्यांची कल्पना कुणाकडून उसनी घेतली म्हणायची?

तिसरा आक्षेप, इंग्रजी जगावर मराठी मुलांनी का लिहावं, याला माझ्याकडे फार उत्तर नाही. ती लिहितात. माहूत शिरोळच्या बोलीत बोलतो आणि शोभतो. एवढं पुरे.

आता मागणं सांगतो.

नियमातला 'आधारित' हा शब्द काढून टाका असं मी म्हणत नाही. काढलात तर लेगोलसची झुणका-भाकर तुमच्या दारात येईल, आणि ते मला तुमच्यावर लादायचं नाही. त्याऐवजी आधारित कथांचा वेगळा गट ठेवा, पुराणांवरच्या कथांसकट. ऊर्मिला आणि माहूत एकाच रांगेत उभे राहू देत. लेखकानं कथेआधी अर्ध्या पानात सांगावं की मूळ कृती कोणती, त्यातून काय घेतलं आणि स्वतःचं काय घातलं. परीक्षकांनी गुण द्यायचे ते या दुसऱ्या भागाला. ज्या कृतीवर अजून हक्क आहेत, तिच्यावरची कथा तुमच्या विक्रीच्या विशेषांकात छापू नका, आणि तिला रोख रक्कमही देऊ नका. वाचून दाखवा, चर्चा करा, परत द्या. मुलीची याला हरकत नाही, मी विचारलंय. ती म्हणाली, "काका, पैसे नकोत. पण कुणीतरी शेवटपर्यंत वाचून भांडायला पाहिजे होतं."

परीक्षकांत एकतरी माणूस असा असावा ज्यानं मूळ पुस्तक वाचलंय. नसेल तर आमचे सर येतील, मानधन न घेता. ते माहूत मेलेलाच होता असं अजूनही म्हणतात, त्यामुळं ते त्या मुलीच्या बाजूनं झुकतील अशी भीती बाळगू नका. पोहे खातात, चहा बिनसाखरेचा लागतो.

पुढच्या वर्षीचं पत्रक छापायला जाण्याआधी तुमची नियमांची बैठक होते असं ऐकलंय. तारीख कळवलीत तर आम्ही दोघंतिघं येऊ आणि कथेच्या प्रती आणू, प्रत्येकाला एक. माहूत ते सोडण वापरतो की नाही, ते शेवटच्या पानावर आहे. मी इथं सांगणार नाही.

कळावे,
आपला,
रविवारच्या कट्ट्यावरचा एक वाचक,
कोल्हापूर